डीव्हीडी चालू, मॉनिटर मात्र काळा!

दिवाळीच्या साफसफाईत कपाटाच्या वरच्या कप्प्यातून एक डबा हमखास निघतो. त्यात लग्नाच्या सीडी, मुंजीची डीव्हीडी, बाळाच्या पहिल्या वाढदिवसाचे चित्रण आणि एखाद्या घरात आजोबांच्या अँजिओग्राफीची सीडीही असते. डीव्हीडी प्लेअर अजून शाबूत असतो, पण ज्याला तो जोडला जायचा तो खोक्यासारखा टीव्ही केव्हाच भंगारात गेलेला असतो. वाशी, नेरूळ, ऐरोली किंवा खारघरच्या छोट्या फ्लॅटमध्ये तसा टीव्ही ठेवायला जागाही उरलेली नाही. त्याऐवजी घरून काम करण्याच्या दिवसांत घेतलेला संगणकाचा मॉनिटर टेबलावर असतो. साहजिकच मनात येते, की प्लेअर याच मॉनिटरला लावून पाहू.

मग केबल शोधली जाते, नाहीतर विकत आणली जाते. प्लेअर चालू होतो, तबकडी फिरल्याचा आवाज येतो, पण मॉनिटरवर ‘नो सिग्नल’ किंवा ‘आऊट ऑफ रेंज’ अशी पाटी येते. कधी तर काहीच दिसत नाही. ‘प्लेअर गेला’ किंवा ‘डिस्क खराब झाली’ असा निष्कर्ष काढून डबा पुन्हा वर जातो, क्वचित कचऱ्यातही जातो.

असे प्रसंग पाहिले, तर बहुतेक वेळा प्लेअरही ठीक असतो, मॉनिटरही आणि डिस्कही. दोन यंत्रांची भाषा जुळत नाही, एवढेच घडलेले असते. ही भाषा कोणती आणि ती का जुळत नाही हे समजले, तर दुकानात चुकीच्या केबलवर पैसे जात नाहीत. त्याहून महत्त्वाचे म्हणजे घरातल्या एकमेव प्रती वेळेत वाचवता येतात.

टीव्हीची चाल आणि संगणकाची चाल

मुंबई दूरदर्शन केंद्र २ ऑक्टोबर १९७२ रोजी सुरू झाले. ठाणे खाडीवरचा वाशीचा पहिला पूल त्यानंतर वर्षभराने, १९७३मध्ये खुला झाला. रंगीत प्रक्षेपण आले ते १९८२ साली, दिल्लीतल्या आशियाई क्रीडा स्पर्धांच्या वर्षी. त्यासाठी भारताने ‘पाल’ ही पद्धत स्वीकारली. तिच्यात एक पूर्ण चित्र ६२५ आडव्या रेषांनी बनते आणि सेकंदाला अशी २५ चित्रे दाखवली जातात. म्हणजे टीव्ही दर सेकंदाला ६२५ गुणिले २५, अर्थात १५,६२५ रेषा काढतो. प्रत्येक चित्र दोन हप्त्यांत येते. आधी विषम क्रमांकाच्या रेषा, मग सम क्रमांकाच्या. त्यामुळे पडदा सेकंदाला ५० वेळा उजळतो.

या आकड्याची एक गंमत जुन्या पिढीला आठवत असेल. खोका टीव्ही चालू असला की लहान मुलांना एक बारीक शिट्टी ऐकू यायची आणि मोठ्या माणसांना ती ऐकू यायची नाही. ती शिट्टी याच १५,६२५ हर्ट्झची होती. तरुण कान साधारण २० हजार हर्ट्झपर्यंतचा आवाज ऐकतात, पण वय वाढते तशी वरच्या पट्टीची श्रवणशक्ती आधी कमी होते. त्यामुळे घरातला टीव्ही नकळत सगळ्यांच्या कानांची परीक्षाच घेत असे.

संगणकाचा मॉनिटर वेगळ्या कुळातला आहे. त्यावर बारीक अक्षरे वाचायची असतात, म्हणून चित्र स्थिर हवे आणि रेषा एकाच हप्त्यात यायला हव्यात. आयबीएम कंपनीने १९८७ साली ‘व्हीजीए’ ही पद्धत आणली. निळ्या रंगाचे, तीन ओळींत १५ पिना असलेले जे सॉकेट आजही अनेक मॉनिटरच्या मागे दिसते, ते हेच. व्हीजीएचा सर्वांत साधा सिग्नलसुद्धा सेकंदाला सुमारे ३१,५०० रेषा काढतो, म्हणजे टीव्हीच्या जवळपास दुप्पट. बरेच मॉनिटर सेकंदाला ३० हजार रेषांच्या खालचा सिग्नल स्वीकारतच नाहीत. टीव्हीसाठी बनवलेला सिग्नल अशा मॉनिटरला दिला, तर त्याला तो ताल पकडता येत नाही आणि तो ‘आऊट ऑफ रेंज’ म्हणतो. ही तक्रार खरी असते. मॉनिटर बिघडलेला नसतो.

पिवळी पिन आणि पंधरा पिना

डीव्हीडी प्लेअरच्या मागे पिवळी, लाल आणि पांढरी अशी तीन गोल सॉकेट असतात. लाल आणि पांढरे आवाजासाठी, पिवळे चित्रासाठी. या पिवळ्या पिनेच्या एकाच तारेतून चित्राचा उजेड, रंग आणि ‘आता नवी रेषा सुरू करा’ ही सूचना, असे सगळे एकत्र कालवून पाठवलेले असते. त्याला कंपोझिट सिग्नल म्हणतात.

व्हीजीएमध्ये मात्र लाल, हिरवा आणि निळा हे तीन रंग तीन वेगळ्या तारांतून जातात. आडव्या आणि उभ्या तालाच्या सूचनांना आणखी दोन वेगळ्या तारा असतात. म्हणजे एकीकडे सगळे एका तारेत, दुसरीकडे पाच तारांत. शिवाय चालही वेगळी. हा फरक नुसती पिन बदलून मिटत नाही. मधे एक छोटे यंत्र लागते. ते कालवलेला सिग्नल वेगळा करते, दोन हप्त्यांतल्या रेषा एकत्र जुळवते आणि मॉनिटरच्या चालीने पुन्हा पाठवते.

इथेच ग्राहकाची फसगत होते. एका टोकाला १५ पिनांचा व्हीजीए कनेक्टर आणि दुसऱ्या टोकाला तीन रंगीत पिना अशी केबल बाजारात स्वस्तात मिळते. ती दिसते अगदी हवी तशीच, पण ती फक्त तार आहे. तिच्या आत कोणतेही यंत्र नाही. काही प्रोजेक्टर आपल्या व्हीजीए सॉकेटमधून टीव्हीच्या पद्धतीचा सिग्नलही घेऊ शकतात, ही केबल त्यांच्यासाठी असते. साध्या मॉनिटरवर ती बहुधा चालत नाही.

मग ओळखायचे कसे? सोपी खूण आहे. पिवळ्या पिनेवरून व्हीजीएवर चित्र आणणाऱ्या खऱ्या कन्व्हर्टरला वीज लागते. त्याच्यासोबत छोटा अडॅप्टर किंवा यूएसबीची वायर असते. ज्याला वीज लागत नाही, ती केवळ तार समजावी. लॅमिंग्टन रोडला जा किंवा घराजवळच्या दुकानात, ‘डीव्हीडीला मॉनिटर जोडायची केबल’ असे मागू नका. ‘माझ्या प्लेअरमधून पिवळ्या पिनेने सिग्नल बाहेर येतो आणि मॉनिटरला व्हीजीएने आत घ्यायचा आहे, त्यासाठी एव्ही ते व्हीजीए कन्व्हर्टर द्या’ असे सांगा. दिशा सांगणे फार गरजेचे आहे. व्हीजीए ते एव्ही आणि एव्ही ते व्हीजीए ही दोन वेगळी यंत्रे आहेत. दिसायला जुळी असली, तरी एकाचे काम दुसरे करत नाही.

एचडीएमआय असूनही चित्र नाही

प्लेअर थोडा नवा असेल, तर त्याला एचडीएमआयचे चपटे सॉकेट असते. या पद्धतीची पहिली आवृत्ती डिसेंबर २००२मध्ये आली. तिच्यात चित्र आणि आवाज दोन्ही आकड्यांच्या रूपात एकाच केबलमधून जातात. मॉनिटरलाही एचडीएमआय असेल, तर निम्मी अडचण संपते. तरीही पडदा काळा राहिला, तर त्याची तीन मुख्य कारणे असतात.

पहिले कारण म्हणजे चुकलेली ओळखपरेड. केबल जोडली की मॉनिटर आपली माहिती प्लेअरला कळवतो. मला इतक्या ठिपक्यांचे चित्र चालते, इतक्या वेगाचे चालते, अशी ती माहिती असते. दोन्ही यंत्रे आधीच चालू असताना केबल लावली, तर ही देवाणघेवाण कधी कधी अर्धवट राहते. अशा वेळी दोन्ही यंत्रांचे प्लग काढावेत, मिनिटभर थांबावे, केबल घट्ट बसवावी, आधी मॉनिटर चालू करावा, मॉनिटरच्या मेनूतून ‘इनपुट’ एचडीएमआयवर आणावा आणि मगच प्लेअर चालू करावा. एवढ्यानेच चित्र आल्याची उदाहरणे पुष्कळ आहेत.

दुसरे कारण आपल्याकडच्या ‘पाल’ पद्धतीचे. प्लेअर सेकंदाला ५० वेळा चित्र पाठवतो. टीव्हीला ते सवयीचे असते, पण संगणकाचे मॉनिटर मुळात ६०च्या वेगासाठी बनवलेले असतात. अनेक मॉनिटरच्या माहितीपत्रकात उभ्या वेगाची मर्यादा ५६ ते ७५ हर्ट्झ अशी दिलेली असते. ५० त्यात बसत नाही. यावर उपाय प्लेअरच्या सेटिंगमध्येच असतो. तिथे ‘टीव्ही सिस्टिम’ किंवा ‘टीव्ही टाइप’ या नावाखाली पाल, एनटीएससी आणि ऑटो असे पर्याय असतात. एनटीएससी निवडले की अनेक प्लेअर आपली पालची डिस्कही ६०च्या वेगाने पाठवू लागतात. हालचाल किंचित अडखळल्यासारखी वाटेल, पण चित्र दिसेल. अमेरिकेतल्या नातेवाइकांनी पाठवलेली घरगुती डीव्हीडी बऱ्याचदा मुळातच एनटीएससीची असते. म्हणून ती दिसते आणि आपली दिसत नाही, असा बुचकळ्यात टाकणारा अनुभव येतो.

याच ठिकाणी रेझोल्यूशनचाही प्रश्न येतो. प्लेअर ५७६आय किंवा १०८०आय या सेटिंगवर असेल, तर त्यातला ‘आय’ म्हणजे दोन हप्त्यांत येणारे चित्र. काही मॉनिटर ते घेत नाहीत. ७२०पी किंवा १०८०पी निवडावे. पण पडद्यावर काहीच दिसत नसेल, तर सेटिंग बदलणार कसे? अनेक प्लेअरच्या रिमोटवर ‘एचडीएमआय’, ‘व्ही-मोड’ किंवा ‘पी-स्कॅन’ अशा नावाचे बटण असते. डिस्क बाहेर काढून ते एकदा दाबावे, दहा सेकंद थांबावे, मग पुन्हा दाबावे. दर वेळी रेझोल्यूशन बदलत जाते. तेही जमले नाही, तर शेजाऱ्यांच्या टीव्हीला पिवळ्या पिनेने प्लेअर जोडून सेटिंग बदलून आणणे हा खात्रीचा मार्ग.

तिसरे कारण परवानगीचे. चित्रपटांची नक्कल होऊ नये म्हणून एचडीएमआयवर ‘एचडीसीपी’ नावाचे कुलूप असते. ते इंटेल कंपनीने तयार केले. समोरचा पडदा या कुलपाची किल्ली बाळगून असेल, तरच प्लेअर चित्र पाठवतो. जुन्या मॉनिटरकडे एचडीएमआय नसते, पांढऱ्या रंगाचे रुंद ‘डीव्हीआय’ सॉकेट असते. एचडीएमआय ते डीव्हीआय ही साधी केबल चालते, कारण दोन्हींची चित्राची भाषा एकच आहे. पण १९९९ साली आलेल्या डीव्हीआय पद्धतीच्या सुरुवातीच्या अनेक मॉनिटरमध्ये हे कुलूप उघडण्याची सोयच नाही. तिथे पडदा काळा राहतो किंवा नुसत्या मुंग्या दिसतात. अशा मॉनिटरसाठी नवी केबल घेणे म्हणजे पैसे वाया घालवणे होय. त्याऐवजी प्लेअरच्या पिवळ्या पिनेवरून कन्व्हर्टर लावावा.

लक्षणांवरून निदान

डॉक्टर जसे लक्षणांवरून रोगाकडे जातात, तसे इथेही करता येते. प्लेअर चालू करून आधी डिस्क न घालता पाहा. कंपनीचे नाव किंवा निळा पडदा दिसतो का?

नाव दिसते, पण डिस्क घातल्यावर चित्र जाते : जोडणी बरोबर आहे. प्रश्न डिस्कचा, कुलपाचा किंवा प्रदेश-क्रमांकाचा आहे. चित्रपटांच्या डीव्हीडीसाठी जग विभागलेले आहे. भारत पाचव्या विभागात येतो आणि अमेरिका पहिल्या. घरगुती चित्रणाच्या डिस्कला हे बंधन नसते, म्हणून तपासणी घरगुती डिस्कनेच करावी.

‘नो सिग्नल’ : मॉनिटरपर्यंत काहीच पोहोचत नाही. मॉनिटरचा इनपुट चुकीचा निवडला आहे, केबल सैल आहे, कन्व्हर्टरला वीज नाही किंवा त्याची दिशा उलटी आहे.

‘आऊट ऑफ रेंज’ : सिग्नल पोहोचतो आहे, पण चाल जुळत नाही. रेझोल्यूशन आणि पाल-एनटीएससी बदलून पाहा.

चित्र कृष्णधवल : पिवळ्या पिनेची तार बहुधा हिरव्या सॉकेटमध्ये गेली आहे, किंवा पाल-एनटीएससीची निवड चुकली आहे.

चित्र हिरवे किंवा गुलाबी : रंग सांगण्याच्या दोन पद्धतींची गल्लत झाली आहे. प्लेअरच्या सेटिंगमध्ये एचडीएमआयचा रंग ‘आरजीबी’ करा.

चित्र ठरावीक अंतराने उजळते आणि मंदावते : चित्रपटाच्या डिस्कवरील जुन्या पद्धतीचे नक्कलविरोधी संरक्षण कन्व्हर्टरला गोंधळात टाकते आहे. घरगुती डिस्कवर असे होत नाही.

चेहरे रुंद दिसतात : जुने चित्रण ४:३ प्रमाणाचे आहे आणि मॉनिटर १६:९चा. मेनूतून प्रमाण बदला.

चित्र दिसते, पण धूसर : हा दोष नव्हे. व्हीसीडीच्या चित्रात ३५२ गुणिले २८८, म्हणजे सुमारे एक लाख ठिपके असतात. डीव्हीडीत ७२० गुणिले ५७६, म्हणजे चार लाखांच्या आसपास. आजच्या साध्या मॉनिटरवर २० लाखांहून अधिक ठिपके आहेत. व्हीसीडीच्या एका ठिपक्याला तिथे वीस ठिपक्यांची जागा भरावी लागते. थोडे लांब बसून पाहिले, की चित्र सुधारल्यासारखे वाटते.

आवाज नाही : अनेक मॉनिटरना स्पीकरच नसतात, आणि व्हीजीएमधून आवाज जातच नाही. प्लेअरच्या लाल-पांढऱ्या सॉकेटमधून संगणकाच्या स्पीकरना वायर द्यावी. त्यासाठी दोन पिनांचे एका बारीक पिनेत रूपांतर करणारी वायर सहज मिळते. नारिंगी रंगाचे सॉकेट मात्र डिजिटल आवाजाचे असते, ते साध्या स्पीकरला चालत नाही.

लॅपटॉपचे सॉकेट बाहेर जाणारे

मॉनिटर नाही तर लॅपटॉपला प्लेअर जोडू, असाही प्रयत्न होतो. दोन्हींना एचडीएमआय असते, केबल छान बसते आणि काहीच घडत नाही. कारण लॅपटॉपचे एचडीएमआय सॉकेट चित्र बाहेर पाठवण्यासाठी असते, आत घेण्यासाठी नाही. दोन नळांची तोंडे एकमेकांना जोडल्यावर पाणी कुठे जाणार? लॅपटॉपमध्ये चित्र आत घ्यायचे, तर यूएसबीवर चालणारे ‘कॅप्चर’ उपकरण लागते.

त्याहून सोपी वाट म्हणजे प्लेअर बाजूला ठेवून यूएसबीचा बाहेरचा डीव्हीडी ड्राइव्ह लावणे. डिस्क थेट संगणकात वाचली जाते आणि चाल, पिना, कुलूप हे बरेचसे प्रश्न उरतच नाहीत. विंडोजच्या आठव्या आवृत्तीपासून डीव्हीडी दाखवण्याची सोय मूळ प्रणालीतून काढली गेली. म्हणून ‘व्हीएलसी’सारखे मोफत सॉफ्टवेअर घ्यावे लागते. एक सावधगिरी बाळगावी. ड्राइव्हचा प्रदेश-क्रमांक पाचच वेळा बदलता येतो, म्हणून विचारल्याबरोबर ‘हो’ म्हणू नये.

खाडीची हवा, विजेची काळजी

नवी मुंबई खाडीकाठी वसलेली आहे. पावसाळ्यातली दमट आणि खारट हवा धातूच्या पिनांवर गंजाचा पातळ थर चढवते. कित्येक वर्षे न हललेल्या जोडणीत हा थर सिग्नल अडवतो. यंत्रे बंद करून पिन चार-पाच वेळा हलकेच काढून घातली, तरी घर्षणाने तो बऱ्याचदा जातो. नाहीतर आयसोप्रोपिल अल्कोहोलमध्ये किंचित ओलसर केलेल्या कापसाने पुसावे आणि पूर्ण वाळू द्यावे. पॉलिश पेपर वापरू नये. पिनेवरचा मुलामा निघून गेला, तर गंज अधिक वेगाने येतो.

केबल लावताना धातूच्या भागाला हात लागून मुंग्या आल्यासारखे वाटले, तर तिकडे दुर्लक्ष करू नये. दोन पिनांच्या प्लगवर चालणाऱ्या यंत्रांत अर्थिंग नसते, त्यामुळे थोडा विद्युतभार बाहेरच्या पत्र्यावर येऊ शकतो. तो बहुधा अल्प असतो, पण एचडीएमआयच्या नाजूक भागांना इजा करायला पुरतो. झटका जाणवण्याइतका असेल, तर ते यंत्र वापरणे थांबवावे. म्हणून सगळ्या जोडण्या प्लग काढून, कोरड्या हातांनी कराव्यात.

प्लेअर उघडून ‘लेन्स साफ करू’ असा विचारही टाळावा. डीव्हीडी वाचणारा लेझर ६५० नॅनोमीटरचा, म्हणजे लाल असतो. सीडी वाचणारा ७८० नॅनोमीटरचा, जवळपास अदृश्य. झाकण बंद असताना तो सुरक्षित असतो. उघड्या यंत्रात मात्र तो थेट डोळ्यात जाऊ शकतो. लख्ख उजेडाने पापणी आपोआप मिटते, पण न दिसणाऱ्या प्रकाशाने ती मिटत नाही. शिवाय आतील वीजपुरवठ्याच्या भागात प्लग काढल्यावरही काही काळ भार शिल्लक राहतो. माळ्यावर जुना खोका टीव्ही किंवा मॉनिटर असेल, तर तो तर कधीच उघडू नये. त्याच्या काचेच्या नळीला हजारो व्होल्टचा दाब लागतो आणि बंद केल्यानंतरही तो भार टिकू शकतो. त्या काचेत शिसेही असते. म्हणून तो फोडून किंवा नेहमीच्या कचऱ्यात न टाकता अधिकृत ई-कचरा संकलनाकडे द्यावा. ई-कचऱ्याचे नवे नियम १ एप्रिल २०२३पासून लागू आहेत.

रुग्णालयाची सीडी प्लेअरमध्ये चालत नाही

डब्यातल्या एका डिस्कबद्दल वेगळे सांगायला हवे. अँजिओग्राफी, सीटी स्कॅन किंवा एमआरआयनंतर रुग्णालयातून मिळालेली सीडी लोक डीव्हीडी प्लेअरमध्ये घालतात. ‘नो डिस्क’ किंवा ‘अननोन डिस्क’ असे आले, की ती बिघडली असे समजून फेकून देतात. तसे अजिबात करू नये. तिच्यावर टीव्हीसाठीचे चित्रण नसते. वैद्यकीय प्रतिमांसाठी १९९३ सालापासून ‘डायकॉम’ नावाने ओळखल्या जाणाऱ्या पद्धतीतल्या फाइल तिच्यावर असतात. प्लेअरला ही भाषा येत नाही. कोणत्याही मॉनिटरला, कोणत्याही केबलने जोडले तरी ती तिथे दिसणार नाही. ती संगणकातच उघडावी लागते. अनेक सीडींवर त्यासाठीचे छोटे सॉफ्टवेअरही दिलेले असते.

ही सीडी जपण्याचे कारण व्यवहाराचे आहे. पुढे पुन्हा त्रास झाला, तर हृदयाच्या रक्तवाहिन्यांत किंवा गाठीच्या आकारात काय बदल झाला, हे डॉक्टर जुन्या प्रतिमेशी तुलना करून ठरवतात. कागदी अहवालात निष्कर्ष असतो, मूळ प्रतिमा नसते. म्हणून सीडीवरील सगळी फोल्डर जशीच्या तशी संगणकात आणि एका पेन ड्राइव्हवर उतरवून ठेवावीत. निवडक चित्रांचे मोबाइलवर फोटो काढून भागत नाही, कारण त्यात मापे आणि बारकावे हरवतात. घरच्या मॉनिटरवर ती प्रतिमा पाहून स्वतःच निदानही करू नये. रेडिओलॉजिस्ट वापरतात ते पडदे करड्या रंगाच्या छटांसाठी खास जुळवलेले असतात. घरच्या पडद्यावर एखादा डाग दिसणारही नाही किंवा नसलेला भासेल.

चित्र दिसले, पुढे काय?

चित्र दिसल्याच्या आनंदात खरे काम विसरू नये. दुकानातून विकत घेतलेल्या चित्रपटाच्या डिस्कमध्ये माहिती साच्याने दाबलेली असते. लग्नाच्या छायाचित्रकाराने दिलेली डिस्क तशी नसते. तिच्यावर सेंद्रिय रंगाचा थर असतो आणि लेझरने तो भाजून माहिती लिहिलेली असते. ऊन, उष्णता आणि दमटपणाने हा रंग हळूहळू बिघडतो. डिस्क वरून नवी दिसते, पण मधेच चित्राचे चौकोन पडू लागतात, मग ते थांबते आणि एक दिवस ती वाचलीच जात नाही.

म्हणून ज्या दिवशी चित्र दिसेल, त्याच आठवड्यात प्रत करावी. संगणकाच्या ड्राइव्हमध्ये डिस्क घालून त्यातली सगळी फोल्डर उतरवून घ्यावीत. प्लेअरमध्ये अडखळणारी डिस्क संगणकात कधी कधी सुरळीत वाचली जाते, आणि एका ड्राइव्हने नाकारलेली डिस्क दुसरा वाचतो. म्हणून एका नकाराने हार मानू नये. डिस्क मऊ सुती कापडाने मधल्या भोकापासून कडेकडे सरळ पुसावी, गोल गोल नाही. सीडीच्या नाव लिहिलेल्या बाजूला जास्त जपावे, कारण माहितीचा थर त्या बाजूला अगदी पातळ मुलाम्याखाली असतो. डीव्हीडीत तो दोन थरांच्या मधोमध असतो. डिस्कवर चिकटपट्टी लावू नये आणि बॉलपेनने लिहू नये.

जुन्या डीव्हीडी कॅमेऱ्यातून निघालेली छोटी डिस्क कुठेच चालत नसेल, तर ती ‘फायनलाइज’ करायची राहिली असण्याची शक्यता असते. तो कॅमेरा घरात असेल, तर त्याच्या मेनूतून हे काम होते. म्हणून डिस्क आणि कॅमेरा, दोन्ही टाकू नयेत.

एका डीव्हीडीत साधारण ४.७ गीगाबाइट माहिती मावते. म्हणजे घरातल्या दहा डिस्क एका ६४ गीगाबाइटच्या पेन ड्राइव्हवर सहज बसतात. पण एकच पेन ड्राइव्ह पुरेसा नाही. एक प्रत घरी, दुसरी भावंडाकडे किंवा मुलांकडे असावी. प्रत्येक फोल्डरला प्रसंग, वर्ष आणि चित्रात कोण आहेत त्यांची नावे द्यावीत. लग्नातल्या पंगतीत बसलेली ती आत्या कोण, हे सांगणारी माणसे घरात आहेत तोवरच हे काम उरकून घ्यावे.